घरात नसलेलं स्टूल

१२ जानेवारी

चि. भिंगरीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

तुझ्या विसरभोळेपणाला एखादं बक्षीस द्यायला हवं. आजी नावाची बाई अजून श्वास घेते आहे, हे महिनाभर तुझ्या ध्यानातच नाही! अक्षर तुला येतं, मला येत नाही, तरी पत्रं मीच धाडायची. आज तुझी वहिनी लिहून घेते आहे आणि मी पलंगावरून हुकूम सोडते आहे.

तुझ्या दादाच्या छापखान्यात काम वाढलंय. घरी येतो तो तापलेलाच. जिन्यात त्याचं पाऊल वाजलं की आम्ही दोघी आवाज खाली करतो. पुढचं वाक्य मोठ्या अक्षरात लिही असं मी हिला बजावलंय, म्हणजे तुझ्या डोळ्यांत भरेल.

वहिनी स्टुलावरून पडली, जबड्याला लागलं.

बाकी ठीक. मऊ केक पाठव, चावावा न लागणारा. आणि लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आजी


१९ जानेवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम शिंपीणकाकूंच्या दुकानावर पाठवते आहे. काकू, दार लावून आजीला वाचून दाखवा. दादा आसपास नको.

आजी, ते वाक्य डोळ्यांत भरलंच. पण आपल्या घरात स्टूल कधी आलं? आणि दात गेल्यावरही तू टोस्टच मागत आलीस, चहात बुडवून. मग हा मऊ केक कुणासाठी?

वहिनीला एकटीला गाठ. दादा मारतो का? मार वाढत चाललाय का? त्याने कधी गळा धरला का? मी काम करते त्या महिला मदत केंद्रात हे प्रश्न पहिले विचारतात. कितीतरी घरांचा अभ्यास झाल्यावर कळलंय की गळ्यापर्यंत गेलेला हात पुढे जिवावर उठू शकतो. तिने हो म्हटलं, तर काकूंच्या फोनवरून केंद्राला कळव. मी पडले बहीण, म्हणून माझी सहकारी हे बघेल.

आणि एक. दोघांना समोरासमोर बसवून मिटवायची घाई करू नकोस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. बसायचं झालंच, तर वहिनीला हवं असेल तेव्हा, आणि दादाने आधी स्वतःवर काम केल्यावर.

जपून राहा.

तुझीच भिंगरी


२४ जानेवारी

चि. भिंगरीस शिंपीणबाईंच्या हातून आशीर्वाद. बाई कापडासारखे शब्दही कमी बेततात, सांभाळून घे.

स्टूल ऐकलं आणि मी बाईंना ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मी सांगितलं होतं की दादाने वहिनीला मारलं, हे लिही. अंगठेबहाद्दर म्हातारीला गंडवणं किती सोपं, बघ! आज दुपारी तिला विचारलं. म्हणाली की त्या शब्दावर पेन पुढे सरकेना, म्हणून स्टूल आणलं. मग गळ्याचं विचारलं. तिने कॉलर वर ओढली आणि दोनदा मान डोलावली, हो. त्याच पावली तिला इथे दुकानात आणली. मागच्या खोलीत कापडाच्या गठ्ठ्यांआड बसली आहे. केंद्राची गाडी निघाली म्हणतात.

आत्ता तो दुकानाच्या दाराशी उभा आहे. दोन मिनिटं बोलायचंय, माफी मागायचीय, म्हणतो. काचेवर कपाळ टेकलंय. शिंपीणबाईंनी एका हाताने लिहिता लिहिता दुसऱ्याने कात्री जवळ ओढली आहे. भिंगरे, त्याला मी वाढवलाय गं. कडी काढायला माझा हात दोनदा पुढे गेला. दोन्ही वेळा मी तो मांडीखाली दाबून बसले.

गाडी आली. मागच्या दाराने निघालो.

आजी


६ ऑगस्ट

चि. भिंगरीस आशीर्वाद.

पुन्हा वहिनी लिहिते आहे, तिच्या नव्या खोलीत. या खेपेला शब्दाला शब्द लिहिलंय. शिंपीणबाईंकडून तपासून घेणार आहे, सांगून ठेवलंय.

सहा महिने दादा दर रविवारी केंद्राच्या गटात जातो आहे, बायकोवर हात उगारणाऱ्या पुरुषांच्या. काल आमची बैठक झाली, वहिनीने स्वतः मागितली म्हणून. दाराजवळची खुर्ची तिची, मध्ये तुझी सहकारी. दादाने सुरुवात केली की त्या दिवशी हात उठला. वहिनीने विचारलं, हात आपला आपणच उठतो का? मग म्हणाला, माझ्याकडून मारलं गेलं. तिने मान हलवली, नाही. शेवटी त्याने पुरतं म्हटलं की मी मारलं, मी गळा धरला. रडला. मी त्याचे डोळे पुसले नाहीत.

मग माझी पाळी. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं आणि मी रेडिओ मोठा करायचे, तीन वर्षं. तेही मी सांगितलं. वहिनी म्हणाली की रेडिओ तिलाही ऐकू यायचा. एवढंच म्हणाली. दुसरं काही बोलली असती तर बरं झालं असतं.

ती त्या घरी परतणार नाही. तो या गल्लीत पाऊल ठेवणार नाही आणि गट सोडणार नाही, असं ठरलंय. पाळतो का ते बघू. दर रविवारी तो गटात गेला की मी इथे यायचं, हे तिने आपण होऊन सांगितलं.

केक नको. टोस्ट पाठव, चांगले कडक. मी बुडवूनच खाणार. पण हिचा जबडा आता बरा आहे, आणि मला तो कुडुमकुडुम आवाज ऐकायचाय.

तुझी आजी