चिंबोऱ्यांचा गेम

सर, तुम्ही जाऊन पंधरा-सोळा वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हा तुमच्यासमोर माझं तोंड उघडत नसे. गेल्यावर आई म्हणाली, मेलेल्या माणसाशी भांडू नये. आता आईही नाही, म्हणून लिहितेय.

मुरबाडला स्टँडमागच्या दोन खोल्यांत तुमचा कॉम्प्युटर क्लास होता. मी अकरावीत होते. तुम्ही फळ्यावर सी भाषेतला प्रोग्राम लिहायचात, आम्ही वहीत उतरवून घ्यायचो आणि मग मशीनवर टाइप करायचो. अर्धविराम चुकला की तुमची पट्टी टेबलावर आपटायची. ही ओळ इथे का, असं कुणी विचारलं तर तुम्ही पुढची ओळ लिहायचात. एकदा एका मासिकासोबत आलेल्या सीडीत गेम बनवायचं सॉफ्टवेअर निघालं. त्यात टाइप करायचं काही नव्हतं. चित्रं ओढून मांडायची आणि कधी काय घडावं ते तयार चौकटींतून निवडायचं. दोन महिने मी सगळ्यांच्या आधी येऊन त्यावर बसायचे. भातशेताचा बांध काढला, चिंबोऱ्यांची, म्हणजे खेकड्यांची, बिळं काढली, टोपलीवाली मुलगी काढली. चिंबोरी पाठीकडून धरली तर टोपलीत, नांगीकडून धरली तर एक जीव कमी. चिंबोऱ्या चालत चालत पडद्याबाहेर जायच्या आणि परतच यायच्या नाहीत. त्यात माझा आठवडा गेला. शेवटी कळलं, कड आली का, हे प्रत्येक पावलाला तपासायला हवं. ज्या सकाळी पहिली चिंबोरी कडेवरून मागे वळली, त्या सकाळी मी खोलीत एकटीच हसले होते.

बारावीनंतर बाबा कारखान्यातली अर्धी पाळी सोडून तुमच्याकडे आले. मला कल्याणला कॉम्प्युटरच्या कॉलेजात घालावं की नाही, हे त्यांना तुमच्याच तोंडून ऐकायचं होतं. मी गेम लावून दिला. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा माउस धरला, लगेच चिंबोरी चावली, आणि ते लाजून हसले.

"सर, जमंल ना पोरीला?"

तुम्ही पडद्याकडे धड पाहिलंही नाहीत. "हे प्रोग्रामिंग नाय. सगळं तयार मिळतं त्यात, ही नुसती चित्रं हलवते. डीएडला घाला."

बाबा बरं म्हणाले. घरी जाताना जीपमध्ये म्हणाले, सर कशाला खोटं सांगतील. मलाही तसंच वाटलं, सर. तुमच्यावर राग धरायला मला फार वर्षं लागली, कारण तोवर मी स्वतःलाच ढ समजत होते.

डीएड झालं, शेणव्याच्या बाजूला शाळा मिळाली. मुलांना पाढे शिकवते, त्यांचा माझ्यावर जीव आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण काही वर्षांनी शहापूरला आम्हा शिक्षकांचं कॉम्प्युटरचं प्रशिक्षण झालं. शिकवणारी मुलगी माझ्याहून लहान, इंजिनियर. अट कशी घालायची, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा कशी करून घ्यायची, मोजलेला आकडा कुठे ठेवायचा, असं ती सांगत गेली आणि प्रत्येक गोष्टीला मला माझ्या चिंबोऱ्या आठवत गेल्या. हे सगळं मी केलेलं होतं. जेवणाच्या सुट्टीत तिला विचारलं, चौकटी निवडून केलं तर ते प्रोग्रामिंग धरतात का. ती म्हणाली, "मॅडम, डोकं तेच लागतं. मी सुरुवात त्याच्यातच केली." माझा डबा तसाच राहिला.

त्याच वर्षी तुम्ही गेलात. दहा दिवसांनी मी तुमच्या घरी काकूंना भेटायला आले. त्यांनी मला ओळखलं नाही, क्लासातली कुणीतरी एवढंच समजल्या. आजारपणाचं सांगता सांगता म्हणाल्या, "बसवत नव्हतं, तरी तो चिंबोऱ्यांचा गेम लावून बसायचे. कोन्या पोरीनं केला होता. म्हनायचे, माज्याकडं खरी डोकेबाज ती एकच आली. तुला म्हायतेय का गो ती?"

मी म्हटलं, "नाय काकू."

म्हणजे तुम्हाला कळत होतं. तुम्ही तो घरच्या मशीनवर उतरवून नेलात, वर्षानुवर्षं खेळलात, बायकोला सांगितलंत. एक वाक्य माझ्या बापाला सांगितलं नाहीत. का, ते मला ठाऊक नाही. तुम्हाला तसा गेम करता आला नसता म्हणून असेल, असं मी स्वतःला सांगते.

हा कागद कुठे पाठवायचा नाहीच आहे, तर एक कबूल करते. काकूंकडून निघून एसटीत बसले तेव्हा मला संताप यायला हवा होता. तो नंतर आला. आधी, मुरबाड मागे पडेपर्यंत, मला फार बरं वाटत होतं.