नदीपलीकडची घरपट्टी

ती. लुसिंडाताईस,

धाकट्या वेन्डेलचा नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे? माझी तब्येत छातीतली धडधड सोडली तर उत्तम. धडधडीचं कारण घरपट्टी.

आमच्या घराची किंमत एकदम दीडपट झाल्याचं काउंटीच्या करकचेरीने कळवलं. (घर तेच गं. नाताळात तू घसरलीस ती पायरीसुद्धा तशीच मोडकी आहे.) माझी झोपच उडाली. तुझी भावजय व्हर्ना चवळी सोलत नुसतं "बघू" म्हणाली. मला वाटलं, हिला काही गांभीर्यच नाही.

मग न्हाव्याकडे शेजारचा हार्लन भेटला. "अरे वेड्या, पूल ओलांड! टॉलिव्हर काउंटीत दर निम्मा आहे!" म्हणाला. एवढंच ऐकून मी निघालो (दाढी एकाच गालाची झाली होती), पलीकडे एक टुमदार घर बघितलं आणि व्हर्नाला न विचारता इसार देऊन बसलो. मग ऐटीत तिथल्या करकचेरीत गेलो.

खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "निम्मा दर फक्त काउंटीचा हो. शाळेची पट्टी वेगळी, इस्पितळाची वेगळी, पाण्याची वेगळी, पुराच्या बांधाची वेगळी."

"पुराच्या?" मी खिडकीत डोकं घातलं.

"घर कुठलं घेतलंत?"

मी सांगितलं. त्या उठल्या आणि मला बसायला खुर्ची आणून दिली.

बेरीज आमच्यापेक्षा जास्तच निघाली, ताई. घरी येऊन सगळं कबूल केलं. व्हर्ना शांतपणे म्हणाली, "अहो, तुमची पासष्टी झाली तेव्हाच मी सवलतीचा अर्ज केलाय. घराची किंमत कितीही वाढो, शाळेची पट्टी वाढायची नाही, आणि तीच तर सगळ्यांत मोठी. तेव्हाच सांगितलं होतं तुम्हाला." (सांगितलं असेल. बेसबॉल चालू असेल.) ती ओरडलीसुद्धा नाही. त्याचीच मला जास्त धास्ती वाटते आहे.

तुझा,
वेन्डेल

ता.क. म्हातारपणी पाण्याजवळ राहायचं, असं तू नेहमी म्हणायचीस ना? एक टुमदार घर आहे. इसारही दिलेला आहे.

ता.क. पाणी कधी कधी जरा जास्तच जवळ येतं म्हणे.

ता.क. ताई, मी व्हर्ना. पत्र टाकायला माझ्याकडेच दिलंय. घर मुळीच घेऊ नका. विकणाऱ्याची बायको चर्चमध्ये माझ्या शेजारी उभी राहून गाते, तिने कालच इसार परत आणून दिला. एवढं यांना इतक्यात कळवू नका. सध्या भांडी तेच घासताहेत.