खिडकीचं प्लास्टिक फाडलं

प्रिय आई,
लुईस्टनहून तुझ्या ओडीलचा नमस्कार.

आम्ही ठीक आहोत. आमची तान्ही सेलीन आता आधाराशिवाय बसते. तुझा गुडघा कसा आहे? बाबा बर्फ काढायला छपरावर चढत नाहीत ना?

फोनवर तुझा आवाज ऐकला की रडू येईल, म्हणून लिहितेय. तळघरातला जुना बॉयलर धूर घरातच सोडतो. विषारी वायू साठला की इशारा देणारी घंटा वाजली, तर घरमालक रोझेर म्हणाले, "पोरी, ती माझ्यासारखीच म्हातारी झालीय, उगाच कुरकुरते." बॅटरी काढून त्यांनी हॉकीचा सामना ऐकायला रेडिओत घातली! मी नवी घातली. घंटा पुन्हा वाजली.

थंडीसाठी खिडक्यांवर चिकटवलेलं प्लास्टिक मी फाडून टाकलं. खिडकी उघडी ठेवून झोपतो. सकाळी जाग आली की आधी सेलीनला हलवून उठवते.

नगरपालिकेला कळवलं, तर सगळ्यांनाच घर रिकामं करायला लावतील. वरच्या मजल्यावरच्या अल्फोन्सीनआजी म्हणाल्या, "मला बर्फात काढून तू पुण्य मिळवणार का गं?" पण माहीत असून गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणंच, हे स्वयंपाकघरातल्या टेबलावर तूच शिकवलंस.

आज मी कळवलं. आजींना सांगायचं धाडस होत नाही. त्यांना कुणीच नाही. आई, घर सोडून तुझ्याकडे येताना त्यांनाही घेऊन येऊ का?

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
ओडील