भागवतची वाकडी साखळी

३ फेब्रुवारी २०२५, श्रीरामपूर

आज हात अडखळला! शेजारच्या दिपालीची बारावी तोंडावर आलीय. रोज मी रसायनाचं नाव देते, ती त्याचा रेणू काढते. आज दिलं ३-मेथिलहेक्झेन, म्हणजे सहा कार्बनची साखळी आणि तिसऱ्याला एक फांदी. तिने पाच कार्बन आडवे मांडले, दोन खाली लोंबते, त्यातला एक टोकाच्या कार्बनला. मी लाल पेन टेकवणार तोच म्हणाली, "स्टेला आजी, कोपऱ्यावरून वळून मोजा की. सहा भरतात."

भरतात. मला ते १९९१ पासून माहीत आहे.

५ फेब्रुवारी

दोन दिवस तेच डोक्यात. ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचा माझा पहिला महिना, नोकरी कच्ची. रेणूंचे प्लॅस्टिकचे संच आमच्याकडे कुठले! पोरं ज्वारीच्या ताटाच्या आतलं मऊ भेंड आणि बाभळीचे काटे आणायची. भेंडाचा तुकडा म्हणजे कार्बन, काटा म्हणजे बंध. एसटीच्या गर्दीत निम्मे रेणू मोडायचे, मग वर्गभर जोडाजोड. फार सुखाचे दिवस होते ते.

सगळ्यात नीट रेणू भागवतचा. आईबाप ऊसतोडीला, हा वसतिगृहात. एकदा प्रिन्सिपल मागच्या बाकावर बसलेले असताना त्याने फळ्यावर हीच वाकडी साखळी काढली. मी म्हणाले, "पाचच आहेत. आधी मोजायला शीक." वर्ग हसला. त्याने मुकाट्याने पुसलं, मी सांगितलं तसं सरळ काढलं.

संध्याकाळी घरी त्याचा रेणू भेंडाचा केला, हातात फिरवला — तोच तो, बरोबर! उद्या वर्गात सांगू म्हटलं. नाही सांगितलं. लाज वाटली. अकरावी संपली आणि तो आर्ट्सला गेला. माझ्यामुळेच त्याचा स्वतःवरचा भरवसा उडाला, असं मी आजवर धरून चाललेय.

९ फेब्रुवारी

चर्चमध्ये दया भेटली. माझ्यानंतर दोन वर्षांनी कॉलेजात लागलेली, पण सगळ्या जुन्या पोरांची खबर ठेवते. भागवत सुप्याला कारखान्यात आहे म्हणाली. नंबर दिला.

१० फेब्रुवारी

फोन उचलला, ठेवला. चारदा.

११ फेब्रुवारी

लावला. सगळं सांगितलं, माफी मागितली. पलीकडे मशीनचा आवाज. मग म्हणाला, "माजं बरोबर हाय ते मला तवाच ठाऊक हुतं, मॅडम. पर मागं प्रिन्सिपल सर बसले हुते, तुमी नव्या. म्हनून पुसलं."

"मग सायन्स का सोडलंस रे?" मी विचारलं.

"तुमी दुसऱ्या दिवशी वर्गात सांगाल वाटलं. लई दिवस वाट बघितली."