आमेनच्या पुढचे

२ फेब्रुवारी, रविवार
सायलीचे लग्न मोडायचे ठरवले. मुलगा वैजनाथ, नेवाशाचा. नोकरी चांगली, दात चांगले, पण घराणे रोमन कॅथोलिक. आम्ही सोनईचे प्रोटेस्टंट. नातीला समजावले. ती म्हणाली, "आजोबा, येशू एकच हाय ना?" म्हणालो, येशू एक, चर्चे दोन. ती मोबाईल बघू लागली. पटलेले दिसते.

३ फेब्रुवारी
सुनील म्हणतो, दोन्ही घराणी मूळची एकाच आळीतली, एकाच दुष्काळात ख्रिस्ती झालेली. माझाच मुलगा, पण माहिती अर्धवट. त्यांचे पणजोबा फादरच्या ज्वारीला भुलले. आमचे पणजोबा अमेरिकन साहेबाकडे तत्त्वासाठी गेले. तिथे गहू मिळत होता, हा योगायोग.

४ फेब्रुवारी, सकाळी
फरकांचा अभ्यास सुरू. त्यांना पोप, आम्हाला नाही. ते मरियेला विनवतात, आम्ही नाही. त्यांचे फादर बिनलग्नाचे, आमच्या पाळकांना बायको. म्हणजे जास्त सोसणारे आमचेच.

दुपारी
बीपी तपासायला गेलो. केरळची नर्स म्हणाली, ती ऑर्थोडॉक्स. त्यांचे फादर लग्नही करतात आणि मरियेलाही मानतात. बीपी वाढला. ऑर्थोडॉक्स वगळले.

५ फेब्रुवारी
सापडले. प्रभूची प्रार्थना दोघेही म्हणतो, पण "वाइटापासून सोडव" झाले की ते आमेन म्हणून थांबतात. आम्ही पुढे "राज्य, पराक्रम, गौरव" म्हणतो. रविवारी त्यांच्या घरी साखरपुडा. शेवटी ही प्रार्थना होणारच. ते थांबले की मी एकटा खड्या आवाजात पुढचे म्हणणार. फरक सगळ्यांसमोर उघडा पडेल. लग्न आपोआप मोडेल.

६ फेब्रुवारी
सुनीलला बेत सांगितला. त्याने तो सायलीला सांगितला. ती रडली नाही, तेच वाईट. म्हणाली, "तिथं तमाशा केला ना आजोबा, तर माझ्या लग्नात तुमी नसनार."
तत्त्वासाठी हेही सोसेन. जेवण गेले नाही. भजी खाल्ली.

७ फेब्रुवारी
ते थांबतात ती जागा हुकायला नको, म्हणून त्यांच्या पद्धतीने सराव. सोडव, आमेन. अंघोळीत, शेळीला चारा टाकताना. सून म्हणाली, "मामा, रोमन झाला का काय?" तिला डावपेच कळत नाहीत.

८ फेब्रुवारी
सोडव, आमेन. आता झोपेतसुद्धा चुकणार नाही.

९ फेब्रुवारी, संध्याकाळी
साखरपुडा झाला. प्रार्थनेला सगळे उभे. "वाइटापासून सोडव" आले आणि मी खड्या आवाजात आमेन म्हणून खाली बसलो.
कोणीच थांबले नाही. सगळे घर, त्यांचे फादरसुद्धा, राज्य, पराक्रम, गौरव म्हणत उभे. एकटा मी बसलेला.
वैजनाथच्या आजी पुष्पावतीबाईंनी हे पुढचे सगळ्यांकडून पाठ करून घेतले होते. म्हणे, "सोनईचं म्हातारं मानी हाय, त्याला परकं वाटाया नको." मला बसलेला पाहून त्यांनी पदर डोळ्यांना लावला. म्हणाल्या, "आमच्यापायी लई शिकला बाबा."
सायली पाया पडली. पेढा भरवला. काही बोलता आले नाही. पेढा मोठा होता.

१० फेब्रुवारी
फादरांचा निरोप. लग्नात प्रार्थना मी सांगावी. सायली विचारते, "मग थांबायचं कुठं, आजोबा?" म्हणालो, अभ्यास करून सांगतो.
लग्न मोडण्याचा निश्चय कायम आहे. कोट शिवायला टाकला.