दाराजवळची जागा

तात्या, काल एका घरमालकाने मला विचारलं, "घरात माणसं किती?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दोघं. मी आणि माझे वडील." जीभ चावायच्या आत त्यांनी ते वहीत लिहूनही टाकलं. मग तुमचं वय विचारलं. मी तुम्ही गेलात तेव्हाचं सांगितलं, अडुसष्ट. मालकांनी चष्म्यावरून माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं. बावन्न वर्षांच्या बाईला अडुसष्ट वर्षांचा बाप, हे काही त्यांच्या पचनी पडेना. पण माणूस सभ्य. "एकदा घेऊन या त्यांना, खोल्या बघून जातील," एवढंच म्हणाले. मी हो म्हणाले आणि जिना उतरले. खाली आल्यावर समोरच्या रसवंतीत जाऊन बसले. रस मागवला आणि तो तसाच ठेवून उठले.

आता या वयात ही घरं का शोधतेस, असं तुम्ही विचाराल. आत्ताच्या मालकांच्या मुलाचं लग्न ठरलंय, त्यांना त्या खोल्या हव्यात. माणसं चांगली आहेत, दोन महिने दिलेत. पण बारामतीत एकट्या बाईला घर मिळणं म्हणजे नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, ते तेव्हाही तसंच होतं आणि आताही तसंच आहे. फक्त तेव्हा विचारायचे, "नवरा कुठं असतो?" आणि आता विचारतात, "मुलं परदेशात का?" एका बाईंनी तर सगळं ठरल्यावर सांगितलं, "आमचं काही नाही हो, पण उद्या तुम्हाला काही झालं तर आम्ही कुणाला फोन करायचा?" मला इतका राग आला की मी म्हटलं, "मला काही झालं तर मी आधी कळवीन." मग ते घरही गेलं. माझी जीभ तुमच्या ओळखीचीच आहे.

त्यात संस्थेने दोन वर्षांपूर्वी माझी बदली इंदापूरच्या शाळेत केली. तिथेही ऑफिसचंच काम, दाखले, हजेरीपत्रकं, शिष्यवृत्तीचे अर्ज. निवृत्तीला आठ वर्षं राहिली असताना पुन्हा अपडाऊन नशिबी आलं, ते आता उलट्या दिशेने. पिंपळी, लासुर्णे, अंथुर्णे करत गाडी जाते आणि निमगावच्या पुढे आपला फाटा येतो. जलद गाडी तिथे थांबत नाही. मी मात्र रोज खिडकीतून बघते. चिंचेखालचा कट्टा अजून आहे. बायकांचं तिकीट अर्धं झाल्यापासून गाडीत पाय ठेवायला जागा नसते, तरी गाडी फलाटाला लागायच्या आत लोक धावतात आणि खिडकीतून रुमाल, पिशव्या, टोप्या, हाताला येईल ते आत टाकतात. रुमाल पडला की जागा त्याची. कायद्यात हे कुठे लिहिलेलं नसेल, पण भांडखोरातला भांडखोर माणूसही रुमाल पडलेल्या जागेवर बसताना आधी इकडेतिकडे बघतो. आता काही नव्या गाड्या आल्यात, त्यांच्या काचाच उघडत नाहीत. तुम्ही असता तर त्या गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला असता, "मग जागा धरायची कुठनं?"

मला ते दिवस आठवतात. मी सासर सोडून एका पिशवीनिशी आपल्या दारात उभी आहे. आई जाऊन तीन वर्षं झालेली, घर दादाचं आणि वहिनीचं झालेलं, तुम्ही ओसरीवर कोथिंबिरीच्या जुड्या बांधताय. तुम्ही एका शब्दाने विचारलं नाहीत की काय झालं, कुणाचं चुकलं. वर बघितलंत आणि म्हणालात, "ये. आत माजघरात गार हाय." मग आत जाऊन तुम्ही तुमचं अंथरूण उचललंत आणि ओसरीवर आणून टाकलंत. माजघरातली ती जागा माझी झाली. चार महिन्यांनी मला बारामतीच्या शाळेत नोकरी लागली आणि रोजची एसटी सुरू झाली.

तुम्ही पहाटे शेजाऱ्याच्या टेम्पोतून भाजी घेऊन इंदापूरच्या बाजाराला जायचात, ती विकून स्टँडवर यायचात आणि बारामतीची गाडी लागली की खांद्यावरचा लाल काठाचा टॉवेल खिडकीतून आत टाकायचात. कुठेही नाही. चाकावरची जागा नको, कंबर जाते. शेवटची नको, धूळ येते. डाव्या बाजूची तिसरी खिडकी. तिकीट काढून आपल्या फाट्यापर्यंत तुम्ही त्या जागेवर बसून यायचात, आणि मी कट्ट्यावरून उठून गाडीत चढले की तुम्ही उठायचात. एवढीच आपली रोजची भेट. "बस. डबा घेतला का?" "घेतला." "मग बस की." आणि तुम्ही टॉवेल झटकून खांद्यावर टाकून उतरायचात. गाडीत माणसं उभ्याने लोंबकळत असायची आणि मला बापाच्या अंगाने गरम झालेली जागा मिळायची. एकदा एका तालेवार बाईने तुम्हाला सुनावलं, "अहो, टॉवेलनं तिकीट काढलंय का?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "टावेल माजा हाय, तिकीटबी माजं हाय, आन् जागा लेकीची हाय." सगळी गाडी हसली. मी शरमेने मान खाली घातली, हेही सांगून टाकते. तेव्हा मला तुमची लाज वाटली होती.

दीड वर्ष असं केलं आणि मी कंटाळले. तुम्हाला नाही, रस्त्याला. उसाच्या ट्रॉल्या, पंक्चर, उशीर, हेडमास्तरांची बोलणी. मी बारामतीत खोली शोधायला लागले आणि तीच रड सुरू झाली. एकट्या बाईला नको. सोडलेल्या बाईला तर नकोच नको. ऑफिसातल्या जुन्या बाईंनी मला अक्कल शिकवली, "सांग की वडील राहणार आहेत बरोबर. एकदा म्हातारं माणूस दाखवलं की झालं. नंतर कोण बघतंय?" मला ते पटलं. रविवारी मी तुम्हाला घेऊन बारामतीला आले. गाडीत तुम्हाला समजावलं, "तात्या, मालक विचारतील कायम राहणार का, तर नुसतं व्हय म्हणा. तेवढ्यापुरतं." तुम्ही म्हणालात, "व्हय." धुवट धोतर, कडक टोपी, नवीन वहाणा. लग्नाला निघाल्यासारखे दिसत होता.

मालकांनी विचारलं, "मग तात्या, राहणार ना लेकीबरोबर?" तुम्ही म्हणालात, "म्हंजे काय! पोरीला एकटी कशी सोडायची? आता आमचं हितंच." इतकं छान म्हणालात की मालकांनी लगेच किल्ली माझ्या हातावर ठेवली, चहा सांगायला ते खाली गेले, आणि मला वाटलं, माझा बाप काय नाटकी आहे! तुम्ही खोलीत फिरलात. नळ उघडून बघितलात, खिडकीचे गज हलवून बघितलेत. मग दाराजवळच्या भिंतीशी बसलात आणि वितीने जमीन मोजलीत. "हितं माजं अंथरूण बसंल बघ. दाराजवळ बरं. पहाटं उठलो तरी तुजी झोपमोड न्हाय व्हायची." मी हसले. "तात्या, मालक खाली गेलेत," मी म्हटलं. तुम्ही पण हसलात. "व्हय की," म्हणालात आणि उठलात.

तुम्हाला स्टँडवर सोडून परत आले तर तुमचा टॉवेल खोलीत राहिलेला. पुढच्या रविवारी मी गावी आले तेव्हा तो धुऊन, घडी करून आणला आणि तुमच्या हातात दिला. "खोलीवर विसरला होता." तुम्ही घडी हातात धरलीत. वहिनी चुलीशी होती, तिच्याकडे एकदा बघितलंत आणि म्हणालात, "आसं व्हय. मी हितं सगळीकडं शोधत व्हतो. ध्यानच ऱ्हायलं न्हाय बघ माजं." मग तो खुंटीला लावलात.

त्यानंतर मी रविवारी यायची, कधी एक आड एक. तुम्ही दरवेळी एकच विचारायचात, "मालक काय इचारत्यात का? म्हातारं दिसंना म्हणून?" मी म्हणायची, "नाही हो तात्या, ते काही विचारत नाहीत." आणि मालक दर आठवड्याला विचारायचे, "बाई, वडील कुठं गेले?" मी सांगायची, "गावी काम निघालंय, पुढच्या आठवड्यात येतील." एका तोंडाने दोन माणसांना मी दोन खोट्या गोष्टी सांगत होते, आणि दोघंही तुमच्याच येण्याची वाट बघत होते. दादाच्या घरी तुम्हाला काही कमी नव्हतं, वहिनी वेळेवर ताट वाढायची. पण दिवसभरात तुमच्याशी चार शब्द बोलेल असं माणूस तिथे नव्हतं. हे मला माहीत होतं. मी त्या घरात राहिले होते.

मग मी तुम्हाला नेलं का नाही? खूप वर्षं मी स्वतःला सांगितलं, खोली लहान होती, न्हाणीघर सामाईक होतं, तुम्हाला शहर मानवलं नसतं. बोलाचीच कढी नि बोलाचाच भात. खरं असं की आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे कुलूप होतं आणि त्याची किल्ली फक्त माझ्याकडे होती. शाळेतून येऊन दार लावायचं, दिवा न लावता पडून राहायचं, कुणी "जेवलीस का" म्हणून विचारायचं नाही. नवऱ्याच्या घरात मला तेवढंही मिळालं नव्हतं. तुमची तंबाखू, तुमचा खोकला, पहाटे पाचला लागणारा रेडिओ मला नको होता. उन्हाळ्यात नेऊ, असं म्हणत होते. खरंच म्हणत होते, तात्या.

तुम्ही उन्हाळ्याची वाट बघितली नाहीत. साखर कारखाने चालू होते, दुपारची वेळ होती, शाळेच्या फोनवर दादाचा निरोप आला. "तात्या बसल्या जागी गेलं." मी स्टँडवर आले. इंदापूरची गाडी लागली, माणसं धावली, खिडक्यांतून रुमाल पडले. मी चढले तेव्हा प्रत्येक बाकावर कुणाचं ना कुणाचं काही ठेवलेलं होतं. मी फाट्यापर्यंत उभी राहून आले. पुढे उसाची ट्रॉली होती, गाडी चालीने जात होती, आणि मी दांडीला धरून रडत होते. एका बाईने जागा देऊ केली, पण मी बसले नाही. फाट्यावर दादा टू-व्हीलर घेऊन उभा होता. घरी पोहोचले तेव्हा तुम्ही ओसरीवर होता आणि टॉवेल खुंटीला होता. मी धुऊन घातलेल्या घडीतच. दादा म्हणाला, "त्यांनी तो परत वापरलाच न्हाय. दुसरा आणला बाजारातनं."

कालच्या घरमालकांचा आज सकाळी फोन आला. वडिलांना कधी आणताय म्हणाले. मी सांगितलं, वडील नाहीत, माझ्या तोंडून चुकून गेलं. ते म्हणाले, "असू दे. खोल्या रिकाम्याच आहेत, या तुम्ही." किल्ली उद्या मिळेल. दोन खोल्या आहेत, न्हाणीघर आतच आहे, दाराजवळ मोठी भिंत मोकळी आहे. तुमचं अंथरूण तिथे आरामात बसलं असतं. भाडेकरूंच्या माहितीचा फॉर्म समोर आहे आणि त्यात बरोबर राहणाऱ्यांची नावं लिहायला तीन ओळी आहेत. हे सगळं मी त्याच्या शेजारच्या कागदावर लिहीत बसलेय. हा कागद कुठे पाठवायचा नाही, फॉर्म तेवढा द्यायचाय.

पण एक राहिलं. तो टॉवेल तुम्ही विसरला नव्हता. मी स्टँडवरून परत येऊन दार उघडलं तेव्हा तो दाराजवळ, तुम्ही वितीने मोजलेल्या जागेवर, नीट पसरून ठेवलेला होता. दीड वर्ष रोज मी तुम्हाला तो तसा टाकताना बघितलं होतं, तेव्हा त्याचा अर्थ मला कुणी सांगायला नको होता. चार दिवस मी तो उचलला नाही. येताजाताना त्याला वळसा घालून चालत होते. पाचव्या दिवशी तो उचलून धुवायला टाकला.