मामाचा मान आणि माझे आतडे

३ जानेवारी
पुण्याला डॉक्टरांकडे. मामा सोबत. मोठ्या आतड्यातल्या जखमा तशाच, रक्त चालू. स्टेरॉइड कमी केले की पुन्हा पहिले पाढे. डॉ. म्हणाले, नव्या गोळ्या आल्या आहेत, टीबीची तपासणी नीट आली तर सुरू करू. निरोगी माणसाची विष्ठा रुग्णाच्या आतड्यात सोडायचेही प्रयोग चालू आहेत, पण तुम्हाला ते नाही. मामाने फक्त विष्ठेचे तेवढे ऐकले.
ओझरला सुनंदाकडे आजाराचे अजून सांगितलेले नाही. साखरपुडा तोंडावर. कसे सांगायचे

४ जानेवारी
भावकीत सगळ्यांना कळले. काका मेंढरे कोंडून तडक आला. "माझं घे. सारी हयात मेंढरामागं चाललो, पोट कधी बिघडलं न्हाई." मामा म्हणाला, "ओ पावणं, भाच्याला द्यायचा मान मामाचा. लग्नात पाठीशी कोण उभं ऱ्हातं?"
डॉ. नको म्हणाले आहेत, हे मी दोनदा सांगितले.

६ जानेवारी
मामाने मिसळ सोडली. काका ताक-भाकरीवर. आईने तोड काढली, "दोगांचं बी थोडं थोडं घ्या." मला जेवण गेले नाही.

१० जानेवारी
तपासणी नीट. गोळी सुरू. मामाला म्हटले, आता गरज नाही. "आमी हलकं पडलो व्हय." साखरपुड्याला येणार नाही म्हणतो. काका निदान ताक सोडून मटणावर आला.

१३ जानेवारी
घात झाला. मामा ओझरला जाऊन सुनंदाच्या वडिलांपुढे रडला, भाच्याने मान ठेवला नाही म्हणून. म्हणजे रक्त, संडास, सगळेच सांगितले. दिवसभर फोन हातात. संडासातही.

१५ जानेवारी
सुनंदाचा फोन. लग्न मोडले असे धरूनच उचलला.
"गोळीनं गुण येतो का?"
म्हटले, माहीत नाही. डॉ. म्हणाले, काही आठवडे बघू.
मग म्हणाली, "आधी तुमी सांगायला पायजे व्हतं."
हो म्हटले. दुसरे काय म्हणणार
"आन् आमचं दादा इचारत्यात, मामाचं नको झालं तर सोयऱ्यांचा काय मान हाय का न्हाई?" मागे कोणीतरी खो खो हसले. ती हसली नाही. "रविवारी येतोय आमी. तवा काय ते बोलू."
होकार की नकार, विचारायचे राहिले.

१६ जानेवारी
आज रक्त नाही. की दिसले नाही. संडासातला बल्ब मंद आहे. रविवारच्या आत बदलणे.